प्रोसेसर चालू केला की सब गप्प, गायक गायब, भलत्याच आउटपुटला भलताच आवाज: राउटिंगचं हे दुखणं परत परत का येतं

तक्रार साधारण अशी असते की काल सगळं झकास वाजत होतं आणि आज सिस्टम चालू केली तर सब, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारे सबवूफर, गप्प. किंवा सब वाजतायत पण डावीकडचं काही आलं तरच. किंवा गाणं लावलं तर गायकच गायब, मागची वाद्यं तेवढी लांबून आल्यासारखी ऐकू येतात. मग कोणीतरी प्रोसेसरच्या, म्हणजे मिक्सर आणि अँप यांच्यामधे बसून कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जायचा (हेच राउटिंग) ते ठरवणाऱ्या मशीनच्या, मेनूत शिरतो, इकडचं तिकडचं दाबतो, आवाज येतो, सगळे हुश्श करतात आणि पुढच्या वेळी चालू केलं की परत तेच रडगाणं.

आता मुद्दा असा की हा प्रॉब्लेम परत परत येतो म्हणजे बहुतेक वेळा तिथं दोन दोष असतात. एक म्हणजे सिग्नल कुठंतरी अडतोय किंवा चुकीच्या वाटेनं जातोय. आणि दुसरा म्हणजे तुम्ही जी दुरुस्ती करताय ती नंतर कोणीतरी किंवा काहीतरी पुसून टाकतंय. लोक पहिला शोधतात, आवाज आला की थांबतात, आणि दुसऱ्याकडं कोणी ढुंकूनही बघत नाही.

काही करायच्या आधी अँप बंद करा. खरंच बंद करा, नुसता गेन खाली नको. अ‍ॅक्टिव्ह सिस्टममध्ये हॉर्नच्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरला (वरचे सूर काढणाऱ्या नाजूक भागाला) अँपचं आउटपुट थेट जोडलेलं असतं, मधे काही नसतं, त्याला वाचवणारा, खालचे सूर अडवणारा हाय पास फिल्टर प्रोसेसरच्याच आत असतो. राउटिंग उलटसुलट करताना सबचं आउटपुट चुकून त्या ड्रायव्हरकडं गेलं तर डायफ्रामचं कल्याण व्हायला एक सेकंदही लागत नाही. नेहमीचाच नियम, चालू करताना अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. राउटिंगचं ऐंशी टक्के काम तसंही स्पीकरमधून आवाज न काढता, नुसत्या मीटरवर होतं.

तर मीटर. मिक्सरमधून पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा एकसारखा खळखळता चाचणीचा आवाज) सोडा, आधी फक्त डावीकडून, मग फक्त उजवीकडून. गाणं लावून बघू नका, गाण्यात दोन्हीकडं सारखंच बरंच काही असतं त्यामुळं डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते कळत नाही. डावा नॉइज चालू असताना इनपुट ए चं मीटर हललं पाहिजे आणि बी चं मेलेलं राहिलं पाहिजे. इथंच उलटं निघालं तर केबल अदलाबदल झाली आहे, मेनूत जायची गरजच नाही. इनपुटला सिग्नल आहे पण आउटपुटच्या मीटरला नाही, तर भानगड प्रोसेसरच्या आत. आउटपुटचं मीटर हलतंय पण स्पीकर गप्प, तर प्रोसेसरला हात लावू नका, केबल, अँप, स्पीकर यात शोधा. (काही मशीनवर आउटपुटचं मीटर म्यूटच्या आधीचं दाखवतं, त्यामुळं मीटर हलत असलं तरी म्यूटचा लाल दिवा एकदा बघून घ्या.) एवढं साधं आहे आणि तरी लोक सरळ क्रॉसओव्हरच्या (कुठल्या स्पीकरला कुठले सूर ते वाटणाऱ्या) पानावर जाऊन फ्रिक्वेन्सी बदलायला लागतात, का ते देव जाणे.

इनपुटपाशी काय काय बिघडतं ते आधी घेऊ कारण मला विचाराल तर निम्मे राउटिंगचे म्हणून आलेले प्रॉब्लेम इथलेच असतात. पहिलं, इनपुटचा प्रकार. बऱ्याच प्रोसेसरमध्ये तीच इनपुट जोडी अ‍ॅनालॉग किंवा एईएस, म्हणजे डिजिटल, अशी निवडता येते. एईएसमध्ये एकाच एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलवरून दोन्ही चॅनल येतात, म्हणजे केबल एकाच सॉकेटमध्ये लावायची, दुसरं सॉकेट त्या वेळी मोकळं. आता कोणी सेटिंग एईएसवर ठेवलंय आणि मिक्सरमधून दोन अ‍ॅनालॉग केबल आल्यात, तर मीटर ढिम्म हलणार नाही. सॉकेट तेच, केबल दिसायला तीच, त्यामुळं नुसतं बघून काही कळत नाही, सेटिंगच वाचावं लागतं. आणि एईएसला ११० ओहमची केबल लागते, साधी माइकची केबल थोड्या अंतरावर चालून जाते म्हणून लोक तीच लांबवर ओढतात आणि मग मधेच आवाज तुटतो.

एईएसवर टकटक, बारीक चिरचिर, मधेच अर्धा क्षण शांतता असं होत असेल तर ते क्लॉकचं, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ताल धरणाऱ्या घड्याळाचं, आहे. मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर स्वतःच्या क्लॉकनं चालतोय आणि प्रोसेसर ४८ वरच पण त्याच्या स्वतःच्या क्लॉकनं, आकडा एकच असला तरी दोन घड्याळं तंतोतंत सारखी कधीच चालत नाहीत. एकालाच मास्टर ठेवा, दुसऱ्याला सांगा की येणाऱ्या सिग्नलवरून क्लॉक घे. प्रोसेसरच्या इनपुटला सॅम्पल रेट कन्व्हर्टर असेल तर तो चालू करूनही भागतं. हे राउटिंग नाही पण राउटिंग म्हणून लोक दिवसभर हेच उकरत बसतात.

दुसरं, लेव्हल. प्रोफेशनल मिक्सरची नेहमीची लेव्हल अधिक ४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, आणि घरगुती प्लेअर वगैरेची उणे १० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोघांत जवळजवळ १२ डीबीचा फरक. इनपुट सेन्सिटिव्हिटी अधिक ४ वर आहे आणि वर प्लेअर लावला तर आवाज येतो पण मिणमिणता, मग कोणीतरी आउटपुट गेन १२ डीबी चढवतं, आणि दुसऱ्या दिवशी मिक्सर लावला की लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा) सतत लाल. इनपुटची कमतरता इनपुटलाच भरून काढायची.

आता गायब होणारा गायक. हा प्रकार जरा नीट समजून घ्या कारण याची दोन वेगळी कारणं आहेत आणि लक्षण एकच. बॅलन्स्ड इनपुट काय करतं, तर पिन २ आणि पिन ३ वर जे येतं त्यातला फरक घेतं. आता लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमधून स्टिरिओ केबल काढून कोणी ती सरळ एका बॅलन्स्ड इनपुटला लावली, तर टिपवर (जॅकच्या टोकावर) डावं, रिंगवर (त्यामागच्या कड्यावर) उजवं, म्हणजे इनपुटला मिळतं डावं वजा उजवं. गाण्यात गायक, किक, बेस गिटार हे साधारण मधोमध असतात, दोन्हीकडं सारखे. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. राहतो तो रिव्हर्ब, कोरस, बाजूची वाद्यं. मग लोक म्हणतात प्रोसेसरनं गायक खाल्ला. प्रोसेसर निर्दोष आहे. त्या जॅकमधून दोन वेगळ्या केबल काढा, टिप एका एक्सएलआरच्या पिन २ ला, रिंग दुसऱ्याच्या पिन २ ला, दोन्हीकडं पिन ३ ही पिन १ बरोबर जोडून टाका. एक इनपुट ए ला, दुसरं बी ला. हम, म्हणजे घुंऽऽ असा आवाज, येत असेल तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय (जोडणीचा छोटा डबा) टाका.

दुसरं कारण मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुठलं इनपुट कुठल्या आउटपुटला ते ठरतं त्या पानावर, उघडं पडतं. इनपुटच्या दोन केबलपैकी एकीत पिन २ आणि ३ उलट सोल्डर झाल्यात. डावा टॉप (सबच्या वरचा मुख्य स्पीकर) ए वरून, उजवा टॉप बी वरून, दोन्ही वाजतात, थोडं विचित्र वाटतं पण चालतं. सबचं सोर्स मात्र ए अधिक बी, आणि तिथं किक आणि बेस एकमेकांना खाऊन टाकतात. सब जवळजवळ गप्प. आता तपासायची युक्ती सोपी आहे: सबचं सोर्स ए अधिक बी वरून नुसतं ए करा. सगळं नीट असेल तर सबचा आवाज कमी व्हायला हवा, कारण दोन सारखे सिग्नल मिळवल्यावर ६ डीबी वाढतात, एक काढला की तेवढेच उतरतात. उलट एक काढल्यावर आवाज वाढला तर शंभर टक्के पोलॅरिटी, म्हणजे एकाचं अधिक उणे उलटं झालंय. आणि मग बहुतेक जण काय करतात, सबचं सोर्स नुसतं ए वर ठेवून निघून जातात. झालं, पुढच्या वेळी कीबोर्ड उजवीकडं पॅन केलेला असतो आणि त्याचा बेस कुठंच नाही, परत फोनाफोनी. केबल दुरुस्त करा. प्रोसेसरच्या इनपुटची पोलॅरिटी उलटवूनही काम होतं पण मग ती केबल कोणी बदलली की दोष परत हजर, आणि या वेळी प्रोसेसरमधून.

त्या ६ डीबीवरून आठवलं. मोनो करताना, म्हणजे ए आणि बी दोन्ही एका आउटपुटला, ग्रिडमध्ये दोन्ही क्रॉसपॉइंट (इनपुट आणि आउटपुट मिळतात त्या चौकटी) उणे ६ डीबीवर ठेवायची सवय लावा. काही जुन्या मशीनमध्ये आतली बेरीज क्लिप होते, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटते, आणि आउटपुटचा लिमिटर तिथं काही करू शकत नाही, तो नंतर येतो. आवाज फाटलेला पण आउटपुटचं मीटर गरीब गाईसारखं, असं दिसलं तर इथं बघा.

मॅट्रिक्सचं पान दोन तऱ्हेचं असतं. छोट्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक आउटपुटच्या मेनूत सोर्स म्हणून ए, बी, ए अधिक बी असं निवडायचं. मोठ्यांमध्ये चौकटींचं ग्रिड, आणि यात गंमत अशी की चौकट चालू दिसते पण तिची लेव्हल उणे अनंतावर असू शकते, चौकटीवर डबल क्लिक केल्याशिवाय कळत नाही. शिवाय इनपुट आडवे आणि आउटपुट उभे की उलट, हे प्रत्येक कंपनीचं निराळं. नवीन मशीन हातात आलं की आधी कडेची नावं वाचा.

इथंच दोन सापळे आहेत जे दुरुस्ती पुसतात. एक म्हणजे विझार्ड किंवा टेम्पलेट. स्टिरिओ टू वे अधिक मोनो सब असं काहीतरी निवडलं की तो सगळ्या आउटपुटचं सोर्स, क्रॉसओव्हर, नावं, कधी गेनसुद्धा नव्यानं लिहितो. नुसतं बघायला म्हणून विझार्ड उघडू नका, बघून झाल्यावर हो दाबलं की गेलं. दुसरं म्हणजे लिंक. आउटपुट १ आणि २ लिंक आहेत, कारण ईक्यू दोघांना सारखा हवा. मग कोणी आउटपुट १ चं सोर्स ए केलं, काही मशीनमध्ये लिंक सोर्सलाही लागू होते, आणि आउटपुट २ पण गुपचूप ए वर. तुम्ही २ बी करायला गेलात तर १ पण बी. मागंपुढं करत बसा. सोर्स ठरवताना लिंक काढायची, सोर्स झालं की परत लावायची, आणि लावताना मशीन कोणाचं कोणाला कॉपी करतंय ते नीट वाचायचं.

आउटपुटकडचं थोडक्यात. राउटिंग बरोबर आहे, आउटपुटचं मीटर जेमतेम थरथरतंय, तर फिल्टर उलटे झालेत का बघा. सबला हाय पास ३० हर्ट्झ आणि लो पास (वरचे सूर अडवणारा) ९० हर्ट्झ द्यायचं होतं आणि आकडे अदलाबदल झाले, हाय पास ९० आणि लो पास ३०, तर मधे उरतं काय, काहीच नाही. हे दिसायला हुबेहूब राउटिंगच्या दोषासारखं दिसतं. सब एकटे छान, टॉप एकटे छान, एकत्र केले की क्रॉसओव्हरपाशी पोकळ, तर दोन्हीकडचे स्लोप (फिल्टर किती तीव्र उतरतो ते) जुळतात का ते बघा. लिंकविट्झ रायली या प्रकारच्या फिल्टरच्या २४ डीबीला दोन्ही बाजू क्रॉसओव्हरला एकाच फेजमध्ये येतात, १२ डीबीला एकाची पोलॅरिटी उलटवावी लागते, आणि एकीकडं २४ दुसरीकडं १२ अशी खिचडी केली तर काय होईल ते मशीनच्या बाहेर मोजूनच कळेल. डिलेचं (आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याचं) युनिट पण बघा. मिलिसेकंद समजून ५ टाकलं आणि मशीन मीटरमध्ये होतं, तर तुम्ही साडेचौदा मिलिसेकंद दिलेत. आवाज २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर, या हिशोबानं आकडा खरा वाटतो का ते स्वतःच ताडून बघायचं.

आता दुसरा दोष, म्हणजे तुमचं काम पुसतं कोण.

सगळ्यात जास्त वेळा उत्तर असतं की सेव्हच केलेलं नाही. स्क्रीनवर जे बदलता ते चालू मेमरीत असतं, आवाजही लगेच बदलतो, म्हणून वाटतं झालं काम. पण प्रीसेटमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या सेटिंगच्या संचात, ते स्टोअर केल्याशिवाय जात नाही. काही मशीन बंद करून चालू केल्यावर शेवटची स्थिती तशीच आणतात, काही मात्र ठरावीक स्टार्टअप प्रीसेट लोड करतात, आणि तो प्रीसेट सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी केलेला असतो. प्रीसेटच्या नावाशेजारी चांदणी किंवा तत्सम खूण दिसत असेल तर बहुतेक अर्थ हाच की बदल केलेत, सेव्ह नाही.

त्यानंतर येतं सॉफ्टवेअर. लॅपटॉप जोडला की ते विचारतं, मशीनमधलं लॅपटॉपमध्ये आणू की लॅपटॉपमधलं मशीनमध्ये पाठवू. घाईत चुकीचा बाण निवडला की जुनी फाईल मशीनवर चढली, आणि तुमचं दुपारभराचं काम गेलं. दोन माणसं दोन लॅपटॉपवरून एकच सिस्टम सांभाळत असतील तर हे होणारच, प्रत्येकाकडं आपापली फाईल आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच ताजी. सवय अशी ठेवा की जोडल्यावर नेहमी आधी मशीनमधून वाचायचं, लगेच तारखेच्या नावानं फाईल जपून ठेवायची, मगच हात लावायचा.

काही वेळा माणसाचा संबंधच नसतो. कायमस्वरूपी बसवलेल्या सिस्टममध्ये भिंतीवरची बटणं, बाहेरचा कॉन्टॅक्ट, वेळेवर चालणारं शेड्यूल, यातलं काहीही प्रीसेट बदलू शकतं. एका सभागृहात भिंतीवर तीन बटणांचं पॅनल होतं, भाषण, चित्रपट, मोकळं. मोकळं या बटणाला जो प्रीसेट लावला होता त्यात सबचं आउटपुट कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि दिवे बंद करायला येणारा माणूस दिव्याचं बटण समजून ते दाबत होता. प्रोसेसरमध्ये कितीही दुरुस्ती केली तरी सकाळी सब गप्प. तिथं दुरुस्ती झाली ती त्या प्रीसेटमध्ये आणि बटणावर चिकटवलेल्या नावाच्या पट्टीनं.

आणखी एक छुपा प्रकार म्हणजे आपोआप बॅकअप इनपुट. डिजिटल सिग्नल गेला की मशीन अ‍ॅनालॉगवर जातं आणि कधी कधी परत येतच नाही, हातानं आणावं लागतं. मिक्सर प्रोसेसरच्या नंतर चालू केला की मशीनला वाटतं डिजिटल मेलं, गेलं ते अ‍ॅनालॉगवर. म्हणजे दोष चालू करायच्या क्रमाचा. आणि हेही लक्षात घ्या की इनपुटचा प्रकार, क्लॉक, कधी कधी आख्खं इनपुट पॅचच प्रीसेटमध्ये नसतं, ते मशीनच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये असतं, त्यामुळं प्रीसेट परत बोलावून ते दुरुस्त होत नाही. फर्मवेअर अपडेट केल्यावर पण सगळं फॅक्टरीचं होऊ शकतं, तेव्हा आधी फाईल.

डांटेसारखं, कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलवरून आवाज नेणारं नेटवर्क असेल तर एवढंच की तिथं दोन पॅच एकामागं एक असतात, नेटवर्कचा वेगळा आणि प्रोसेसरच्या आतला मॅट्रिक्स वेगळा. नेटवर्कचा पॅच डिव्हाइसच्या नावावर चालतो, कोणी मिक्सरचं नाव बदललं की जोडण्या तुटतात, आणि दोन्हीकडचा सॅम्पल रेट सारखा नसेल तर जोडणी होतच नाही. प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नसेल आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर लॅपटॉपला पत्ता देणारं कोणी नाही, हातानं प्रोसेसरच्याच रेंजमधला पत्ता द्या.

दुरुस्ती टिकली की नाही हे असं तपासा. सेव्ह करा, प्रोसेसर बंद करा, थोडं थांबा, चालू करा, आणि आवाज सोडायच्या आधी मॅट्रिक्सचं पान, इनपुटचा प्रकार आणि आउटपुटचे म्यूट वाचा. बरोबर असेल तर दुसरा कुठलातरी प्रीसेट बोलवा आणि परत आपल्यावर या, परत वाचा. मग मिक्सर आणि प्रोसेसर दोन्ही बंद करून उलट्या क्रमानं चालू करा. तिन्ही वेळा तेच दिसलं तरच अँप चालू करून पिंक नॉइजवर एकेक आउटपुट अनम्यूट करत जा, सबपासून वर, हॉर्न सगळ्यात शेवटी आणि गेन खाली ठेवून. आउटपुटना आउट १, आउट २ असं न ठेवता डावा टॉप, उजवा टॉप, सब अशी नावं द्या, आणि मशीनमध्ये लॉक असेल तर लावा, पासवर्ड रॅकच्या झाकणाच्या आत लिहून ठेवला तरी चालेल पण लॉक लावा.

एवढं करूनही मशीन बंद केल्यावर सगळेच प्रीसेट उडत असतील, नुसता तुमचा नाही, तर मग सेटिंगचा विषय संपला. काही जुन्या प्रोसेसरमध्ये मेमरी आतल्या लिथियम बॅटरीवर टिकते आणि ती बसली की मशीन दर वेळी कोरं होऊन उठतं. बॅटरी बदलता येते, काही मशीनमध्ये ती सोल्डर केलेली असते तेव्हा ज्याला ते जमतं त्याच्याकडूनच करून घ्या, पण त्याआधी जे काही अजून स्क्रीनवर दिसतंय ते पान न पान फोटो काढून ठेवा कारण बॅटरी काढली की उरलंसुरलंही जातं.